नामजोग आणि देखणहार : खानदेशातील आगाऊ प्रवासमूल्याचा इतिहास

प्रवासाचे मूल्य आधी भरावयाचे आणि प्रवास मागाहून करावयाचा, ही रीत अलीकडच्या स्पर्शविरहित कार्डाने आणली, असा समज सर्वत्र रूढ झालेला आहे. जळगाव आणि धुळे येथील बसस्थानकांवर तो विशेष ऐकू येतो. कारण कार्डाची पेटी, कार्डाचा अर्ज आणि कार्डाची रांग ह्या तिन्ही गोष्टी येथील लोकांनी गेल्या काही वर्षांतच पाहिल्या. परंतु शब्दांच्या मागे गेल्यास हा समज टिकत नाही. ज्या प्रश्नाभोवती आजच्या कार्डाचा सारा व्यवहार फिरतो, तो प्रश्न ह्या प्रांतात फार जुना आहे : हाती असलेला पुरावा जो दाखवील त्याचा, की ज्याचे नाव त्यावर लिहिलेले आहे त्याचाच?

सुरत ते बऱ्हाणपूर हा मार्ग खानदेशातून जात असे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या वाटेने गेला. त्याच्या प्रवासवृत्तात नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे थोडी मोडलेल्या रूपात का होईना, पण ओळखू येतात. ह्या वाटेवर राहदारी द्यावी लागे. 'राहदार' म्हणजे वाटेचा रखवालदार, आणि त्याच्या रखवालीचे मोल ती राहदारी. औरंगजेबाने आपल्या कारकीर्दीच्या आरंभी ही वसुली बंद केल्याचे प्रसिद्ध आहे. ती प्रत्यक्षात कितपत थांबली हा वेगळा प्रश्न. पुढे मराठी अमलात जकातीच्या नाक्यावरून माल विनाअडथळा जावा म्हणून दस्तक दिले जाई. दस्तकात कोणाचा माल, कोणता माल, किती बैल, हे लिहिलेले असे. ते दुसऱ्याच्या उपयोगाचे नव्हते. माफीचा कागद नेहमी नाव विचारतो, ही गोष्ट वाचकांनी येथेच ध्यानी ठेवावी.

ह्याच वाटेवर दुसराही एक कागद फिरत होता, तो हुंडीचा. रोख रक्कम वाटेवर नेणे धोक्याचे. म्हणून व्यापारी एका पेठेत पैसा भरीत आणि दुसऱ्या पेठेत हुंडी दाखवून तो घेत. हुंडीचे जे प्रकार आपल्या व्यापारी भाषेत रूढ झाले, त्यांची नावे फार अर्थपूर्ण आहेत. नामजोग हुंडी केवळ नाव असलेल्या माणसाला मिळे. शहाजोग हुंडी पेठेत पत असलेल्या माणसालाच. धनीजोग तिच्या धन्याला. आणि देखणहार हुंडी जो दाखवील त्याला. ह्यांतील 'जोग' हा संस्कृत 'योग्य' शब्दाचाच वंशज होय. 'करण्याजोगे', 'घेण्याजोगे' ह्या प्रयोगांत तो आजही नांदतो. पुराव्याचा कागद कोणाच्या 'योग्य' आहे, हे आपल्या पेढीवाल्यांनी चार शब्दांत ज्या नेमकेपणाने सांगितले, तितक्या नेमकेपणाने ते आजच्या कार्डाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. प्रस्तुत लेखात पुढे हेच शब्द वापरले आहेत.

आगगाडीने ह्या प्रश्नाचे उत्तर एका बाजूने दिले. तिचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट एडमन्सन नावाच्या इंग्रज कर्मचाऱ्याने 1830 च्या दशकाच्या अखेरीस योजलेले होते. त्यावर अनुक्रमांक होता, नाव नव्हते. जळगाव हे मुख्य लोहमार्गावर आले आणि 1900 साली चाळीसगावहून धुळ्यास फाटा गेला, तेव्हा खानदेशातील सामान्य शेतकऱ्याच्या हाती प्रथमच असा कागद आला, की जो त्याला जात, गाव वा धनी विचारीत नव्हता. ते तिकीट पूर्णपणे देखणहार होते.

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एसटीचे जाळे खानदेशात पसरले. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे ही वाट तर आजही एसटीशिवाय कल्पिता येत नाही. वाहकाच्या धातूच्या पेटीत निरनिराळ्या किमतींची पातळ रंगीत तिकिटे गठ्ठ्याने लावलेली असत. भाड्याची बेरीज होईल इतकी तिकिटे तो फाडी आणि चिमट्याने छिद्र पाडून देई. 'तिकीट फाडणे' हा वाक्प्रचार ह्या क्रियेतून दृढ झाला. नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, तिकीट यंत्रातून छापून बाहेर पडू लागले, तरी वाहक 'फाडतो'च. क्रियापद वस्तूपेक्षा दीर्घायुषी असते, ह्याचे इतके सुबक उदाहरण विरळा.

तिकीट देखणहार राहिले. पास मात्र पहिल्यापासून नामजोग होता. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर भाड्याच्या एकतृतीयांश रक्कमच भरावी लागते, म्हणून त्यावर छायाचित्र, शाळेचा शिक्का आणि दोन स्थानकांची नावे लागत. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत एरंडोल ते जळगाव असा पास काही वर्षे बाळगला. त्याचे प्लास्टिकचे पाकीट फाटून कडेने चिकटपट्टी लावलेली असे, आणि वाहक तो कधी उघडून पाहत नसे. चेहरा ओळखीचा झाला, की पास खिशातच राही. 1988 साली सुरू झालेली 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना पूर्ण अर्थाने आगाऊ मूल्याची होती : ठराविक दिवसांचे पैसे एकदा भरावयाचे आणि कोणत्याही गाडीत बसावयाचे. तीही नामजोगच. येथे दस्तकाचा न्याय पुन्हा दिसतो. 'सवलत' हा शब्द अरबी 'सुहूलत' म्हणजे सुलभता ह्यापासून आला. परंतु ज्याला सुलभता द्यावयाची, त्याला ओळख पटवण्याची अडचण आधी सोसावी लागते.

आता एका अशा व्यवहाराकडे वळावयाचे आहे, की ज्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. सुट्टे पैसे नसले, की वाहक तिकिटाच्या मागे देणे असलेली रक्कम लिहितो आणि भोवती एक वर्तुळ काढतो. उतरताना ती मागून घ्यावयाची. अमळनेरच्या प्रवाशाचे सात रुपये तासभर त्या चिठोऱ्यावर साठवलेले असतात. मूल्य साठवलेली वस्तू म्हणजे काय, हे समजावून देण्यास ह्याहून चांगला दृष्टान्त मला सापडलेला नाही. मात्र येथे दिशा उलटी आहे : कार्डात प्रवाशाचा पैसा प्रवासाच्या आधी साठतो, तिकिटामागे तो प्रवास चालू असता साठतो. आणि हे लेखन देखणहार की नामजोग? कागदावर नाव नाही. पण ते दुसऱ्या वाहकाला दाखवून उपयोग नाही. तो दोन माणसांच्या ओळखीचा हिशेब आहे. त्याला पेढीच्या भाषेत नाव नाही.

कार्डाच्या यंत्रणेविषयी थोडक्यात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि 1974 साली फ्रान्समध्ये चकती बसवलेल्या कार्डाची एकस्वे घेतली गेली. स्पर्शविरहित कार्डात विजेचा स्वतःचा साठा नसतो, वाचनयंत्राच्या 13.56 मेगाहर्ट्‌झच्या क्षेत्रात काही सेंटिमीटर अंतरावर ते आले, की आतील तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या वेळात शिल्लक वाचून नवी लिहिली जाते. हाँगकाँगमध्ये 1997 साली ऑक्टोपस कार्ड आले. त्याचे चिनी नाव 'आठही दिशांस पोहोचणारे' अशा अर्थाचे आहे. दिल्ली मेट्रोने 2002 च्या डिसेंबरात असे कार्ड आणले. ही दोन्ही कार्डे सामान्य प्रवाशाला नाव न विचारता मिळत. लोहमार्गाच्या पुठ्ठ्याचीच ती पुढची पिढी होय.

खानदेशात कार्ड उलट्या बाजूने शिरले. जळगाव वा धुळे शहरात शहरांतर्गत प्रवास बहुतांशी रिक्षांवर चालतो. मुंबईप्रमाणे उपनगरी गाडी येथे नाही, मेट्रो नाही. म्हणून कार्ड आले ते एसटीतून, आणि तेही प्रामुख्याने सवलतधारकांसाठी. 4 मार्च 2019 रोजी अहमदाबाद येथे राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षाच्या मध्यास एसटीने स्मार्ट कार्डाची योजना सुरू केली, आणि ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थी ह्यांना आधार क्रमांकासह नोंदणी करावयास सांगण्यात आले. म्हणजे पूर्ण भाडे देणारा सुखी प्रवासी रोकड देऊन मोकळा, आणि अर्ध्या भाड्याचा हक्कदार रांगेत. पुढे 2020 ची टाळेबंदी आली, 2021 च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. कार्डाची मुदत पुनःपुन्हा वाढत राहिली.

ह्यानंतर जे घडले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला. त्यांना शून्य रुपयांचे तिकीट देण्यात येऊ लागले, कारण शासनाकडून भरपाई मागावयाची तर प्रवासाची नोंद हवी. मूल्य नाही, पण तिकीट आहे : तिकीट हे आता पैशाचा पुरावा नसून माणूस गाडीत होता ह्याचा पुरावा झाले. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे झाले, तेव्हा त्यांना कोणतेही कार्ड मागितले गेले नाही. वाहकाने पाहिले, पुरे. खानदेशाच्या प्रवासी इतिहासातील नाव न विचारणारी ही पहिलीच मोठी सवलत असावी, असे मला वाटते. ज्यांनी 2019 साली ज्येष्ठांना नोंदणीची आवश्यकता पटवून दिली, त्यांचा युक्तिवाद ह्या एका उदाहरणाने बराच दुबळा होतो.

23 फेब्रुवारी 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीपुरती आगाऊ भरणा कार्डे ग्राहकाची ओळख न पडताळता देण्याची मुभा दिली. त्यांत एका वेळी 3,000 रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आणि रोख परत मिळत नाही. ही शुद्ध देखणहार वस्तू होय. ज्या कार्डात शिल्लक चकतीवरच लिहिलेली असते, त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी फोनची लहर नसली तरी अडत नाही. मोबाईलवरून होणाऱ्या भरण्याला मात्र अडते. म्हणजे शिरपूर वा यावलच्या वाटेवर त्याचा खरा उपयोग. परंतु सवलत त्यावर चढवावयाची, तर नाव पुन्हा आले. नामजोग आणि देखणहार हे दोन न्याय एकाच प्लास्टिकच्या तुकड्यावर नांदवण्याचा हा खटाटोप आहे. पेढीवाल्यांनी त्यासाठी दोन वेगळे कागद ठेवले होते.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांचा जो संग्रह 1927 पासून जमत आला, तशा संग्रहांत अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बैलांचा हिशेब वाचता येतो, कारण दस्तकावर नाव होते. रंगीत तिकिटांवर प्रवास केलेल्या पिढीचा असा मागमूस उरलेला नाही. शून्य रुपयांच्या तिकिटांचा उरेल. तो कोठे ठेवला जातो आणि कोणास पाहावयास मिळतो, हे विचारण्याची वेळ मात्र आताच आहे. तूर्त बोलीत एवढेच झाले आहे, की तिकीट 'फाडावयाचे', पास 'काढावयाचा', आणि कार्ड कोणी 'दाखवतो', कोणी 'लावतो', कोणी 'टेकवतो'. क्रियापद अजून ठरलेले नाही.