मानेतील धमनीची शस्त्रक्रिया : लाभ-धोक्याच्या हिशेबाचा इतिहास

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना 'कॅरोटिड' म्हणतात. या नावाच्या ग्रीक मुळाचा अर्थ गुंगी असा आहे. अरबीतील 'सुबाती' हे नावही 'सुबात' म्हणजे गाढ झोप या शब्दावरूनच आले. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०५ मध्ये फुगलेली कॅरोटिड धमनी बांधली, पण रुग्ण दगावला. १८०८ मध्ये मात्र त्यांना यश आले.

अर्धांगवायूचे मूळ अनेकदा मेंदूत नसून मानेत असते, हे सी. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडले. धमनीत चरबीचा थर साचतो, वाट अरुंद होते आणि तेथून सुटलेली गुठळी मेंदूत अडकते. १९५३ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी असा थर काढला. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी रोगट भाग कापून धमनी पुन्हा जोडली. रक्तप्रवाह थांबलेला काळ मेंदूला सोसावा म्हणून रुग्णाचे शरीर थंड केले होते.

येथेच या उपचाराचा पेच आहे. जो झटका टाळायचा, तोच शस्त्रक्रियेच्या वेळी येऊ शकतो. तरीही पुरेशा पुराव्याविना अमेरिकेत या शस्त्रक्रिया १९७१ मधील सुमारे १५,००० वरून १९८५ मध्ये १,०७,००० वर गेल्या.

खरा हिशेब १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील चाचणीने मांडला. लक्षणे दिसून गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांत, त्याच बाजूचा झटका दोन वर्षांत केवळ औषधांवर २६ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना आला. म्हणजे सुमारे सहा शस्त्रक्रियांमागे एक झटका टळला. लक्षणे नसलेल्यांच्या १९९५ मधील चाचणीत पाच वर्षांचे प्रमाण ११ व ५.१ टक्के होते; तेथे एका झटक्यासाठी सुमारे सतरा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

म्हणूनच शस्त्रक्रियेतील झटका वा मृत्यूचे प्रमाण लक्षणे असलेल्यांत ६ आणि नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत असावे, असा दंडक रूढ झाला. पुढे कोलेस्टेरॉल व रक्तदाबावरील औषधे सुधारली आणि लक्षणे नसलेल्यांत शस्त्रक्रियेचा लाभ आणखी आक्रसला. शस्त्रक्रियेचा धोका रुग्ण आज पत्करतो, लाभ मात्र पुढील वर्षांत मिळायचा असतो. त्यामुळे होकार देण्यापूर्वी आपल्या शल्यविशारदाचे स्वतःचे आकडे विचारणे हा रुग्णाचा हक्कच होय.