विनम्रतेचा आचारधर्म : नारायण वामन टिळक आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात विनम्रता हा केवळ एक सद्गुण नाही, तो ख्रिस्ताच्या जीवनाचाच आकार आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतल्याचे प्रतिपादन आहे, तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो शिष्यांचे पाय धुतो. हा आदर्श महाराष्ट्राच्या जातिबद्ध आणि वसाहतकालीन समाजात कसा आचरला गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संतपरंपरेची पूर्वपीठिका

मराठी मनाला विनम्रतेचा संस्कार नवा नव्हता. बेंबळी ज्या धाराशिव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील तेर ही संत गोरोबाकाकांची भूमी होय. गोरोबांनी थापटण्याने संतांची मस्तके तपासली आणि रागावलेल्या नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. भक्ताची परीक्षा विद्वत्तेवर नव्हे, तर अहंकाराच्या लोपावर होते आणि ती परीक्षा एक कुंभार घेतो, हे या कथेचे सामाजिक मर्म आहे. रेव्हरंड टिळक ज्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले, ती याच भक्तिभूमीतून जाते. तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तचरणी पोहोचविले, अशी त्यांची धारणा होती.

टिळकांचा त्याग

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. 1893 मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंपासूनही काही वर्षे ताटातूट झाली. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन, लेखन आणि धर्मसेवा केली.

तथापि टिळकांच्या विनम्रतेची खरी कसोटी धर्मांतरानंतर लागली. मिशनच्या व्यवस्थेत परदेशी मिशनरी हा पालक आणि एतद्देशीय ख्रिस्ती हा पाल्य, असा संबंध रूढ झाला होता. सेवेचा उपदेश करणारी संस्थाच अधिकाराची उतरंड बनली होती. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ हा प्रयोग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. तरीही त्यातून एक तत्त्व स्पष्ट होते: नम्र असणे म्हणजे सत्तेपुढे वाकणे नव्हे, सत्तेच्या आधाराविना सेवा करण्याची तयारी म्हणजे नम्रता.

दोन स्त्रियांची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळेओवळे आणि जातीचा अभिमान यांतून आपण कसकसे बाहेर पडलो, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निःसंकोच सांगितले आहे. स्वतःच्या फजितीवर हसण्याची त्यांची वृत्ती ही विनम्रतेचीच मराठमोळी रीत म्हणावी लागेल. पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा होता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी धर्मगुरूंच्या अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. मात्र केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित, निराधार स्त्रियांच्या सेवेत त्यांनी आयुष्य वेचले. संस्कृतच्या या पंडितेने सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. पांडित्याने स्वतःहून खाली उतरावे, याचे हे बोलके उदाहरण होय.

एक आवश्यक भेद

येथे एका प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांच्याकडे सोडण्यासारखे काही होते: जात, विद्या, प्रतिष्ठा. परंतु अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आले होते. ज्यांना शतकानुशतके खाली बसविले गेले, त्यांना पुन्हा लीनतेचा उपदेश करणे हा अन्यायाचाच विस्तार ठरतो. त्यांच्यासाठी ख्रिस्ताची शिकवण प्रथम ताठ उभे राहण्याचे बळ होती. म्हणून पाय धुण्याच्या प्रसंगात पाणी कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे ठरते. तेथे गुरू शिष्याचे पाय धुतो. दासाला अधिक दास होण्यास तो सांगत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मराठी ख्रिस्ती परंपरेत विनम्रता तीन रूपांनी प्रकटली: जात्यभिमानाचा त्याग, संस्थात्मक अधिकाराचा त्याग आणि विद्येचे लोकाभिमुख होणे. या तिन्हींत उतरण्याची जबाबदारी वर असलेल्यावर आहे. आजच्या धर्मसंस्थांना, आणि ज्ञानाच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या आपल्या महाविद्यालयांनाही, हा निकष लावून पाहता येईल. गोरोबांचे थापटणे आणि ख्रिस्ताच्या हातचे पाणी, दोहोंचा रोख अखेर प्रतिष्ठिताच्या अहंकाराकडेच आहे.