निरीक्षकाचे वाचन : वेठ आणि बालश्रम ओळखण्याचा भारतीय इतिहास

श्रम निरीक्षकाच्या कामाला कायद्याच्या भाषेत 'तपासणी' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकाला ते काम वाचनाच्या जवळचे वाटेल. कारखान्यात, दगडखाणीवर वा वीटभट्टीवर पोचलेल्या निरीक्षकापुढे तीन संहिता असतात : मालकाने लिहिलेली हजेरीवही, कामगाराचे शरीर आणि कामगाराचे बोलणे. या तिन्ही एकमेकींशी क्वचितच जुळतात. त्यांपैकी कोणती प्रमाण मानायची, हे निरीक्षक एकटा ठरवत नाही. त्याचे प्रशिक्षण आणि त्या प्रशिक्षणामागचा कायदा ते ठरवतो. भारतात बालश्रम आणि सक्तीचे श्रम ओळखण्याचा जो सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तो या प्रामाण्याच्या बदलाचा इतिहास आहे. कामगाराच्या शब्दाला त्यात सर्वांत शेवटी जागा मिळाली.

या इतिहासाचा आरंभ शरीरापासून होतो. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने चार कारखाना निरीक्षक नेमले गेले, त्या वेळी तेथे जन्माची नागरी नोंदणी नव्हती. मुलाचे वय कशावरून ठरवायचे, या प्रश्नाला एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये दातांचे उत्तर दिले आणि ते पार्लमेंटपुढे मांडले. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर वा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. तपासणीसाठी मात्र पुरेसा स्वतंत्र वर्ग नव्हता. जेथे निरीक्षक नेमलेला नसे, तेथे जिल्हा दंडाधिकारीच पदसिद्ध निरीक्षक ठरे. मुंबईच्या गिरण्यांसाठी १८८२ मध्ये मीड किंग या इंग्रज निरीक्षकाला विलायतेहून पाचारण करावे लागले. जन्मनोंद नसलेल्या मुलासमोर उभा असलेला शल्यचिकित्सक उंची, बांधा आणि दात पाहून निर्णय देई. मूल स्वतःविषयी काय सांगते, याला त्या निर्णयात स्थान नव्हते.

कामगाराचा शब्द याच काळात दुसऱ्या वाटेने पुढे येत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधू' चालवले आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई या मागण्या त्यात होत्या. १८९० च्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे सहभागी झाले. पुढे १८९१ च्या सुधारित कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले आणि नऊ ते चौदा या वयासाठी कामाचे तास सातवर आणले. कामगार बोलला, पण तो सभेत, वृत्तपत्रात आणि आयोगापुढे. तपासणीच्या वेळी यंत्राजवळ उभा असताना त्याला बोलते करावे, ही कल्पना अजून कायद्यात आलेली नव्हती.

वय ठरवण्याची व्यवस्था जितकी कागदोपत्री झाली, तितकी ती चुकवण्याची रीतही पक्की झाली. एका दाखल्यावर एका गिरणीत अर्धा दिवस आणि दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत उरलेला अर्धा दिवस काम करणारी मुले हा पुढील अनेक दशके निरीक्षकांचा नेहमीचा अनुभव राहिला. यात मालकाइतकाच कुटुंबाचाही हात असे. त्याचे कारण दारिद्र्य होते आणि दारिद्र्याचे दृश्य रूप कर्ज होते. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने हे कर्ज प्रथम नीट पाहिले. अमृतसरच्या गालिच्यांच्या कारखान्यांत आणि विडीच्या कारखान्यांत आईबापांनी घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी मुलांचे श्रम गहाण पडत असल्याचे त्याच्या १९३१ च्या अहवालात नोंदले गेले. त्यातून १९३३ चा मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्धचा कायदा झाला. या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलाच्या श्रमाविषयीचा असा करार रद्दबातल ठरवला. आईबापाला पन्नास रुपयांपर्यंत, तर मालकाला दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. मात्र गुन्हा सिद्ध करण्यासाठी करार दाखवावा लागे, आणि असे करार बहुधा तोंडी असत. कर्ज दिसले, पण ते वाचण्याची रीत सापडली नाही.

ती सापडण्यास आणखी चार दशके लागली. दरम्यान आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या सक्तीच्या श्रमाविषयीच्या कराराने दोन कसोट्या दिल्या होत्या : कोणत्या तरी शिक्षेचा धाक आणि कामगाराच्या स्वेच्छेचा अभाव. भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगार आणि सक्तीच्या श्रमाचे सर्व प्रकार निषिद्ध केले. तरीही ओळख पटवण्याचा प्रश्न १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यापर्यंत अनुत्तरित राहिला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या कायद्याचा व्याख्याविभाग मुद्दाम पाहावा. 'करार' या संज्ञेच्या स्पष्टीकरणात तेथे भारतीय भाषांतील सुमारे तीस नावे वर्णानुक्रमाने दिली आहेत : बारमासिया, हरवाही, जीता, कामिया, नित-मजूर, पालेरू, सागरी, वेट्टी आणि इतर. जीता कर्नाटकातली, कामिया बिहारमधला, सागरी राजस्थानातली, पालेरू तेलुगू मुलखातला. पलामूच्या ज्या कामियांवर महाश्वेतादेवींनी बंगालीत कथा लिहिल्या, तेच येथे कायद्याची संज्ञा होऊन आले आहेत. 'वेट्टी' आणि मराठी 'वेठ' यांचे नाते संस्कृत 'विष्टि'शी जोडले जाते. 'वेठबिगार' या जोडशब्दात त्याला फार्सी 'बेगार' येऊन मिळाली आहे.

ही यादी कोशकाराच्या हौसेने केलेली नाही. या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या श्रमप्रकारांत धनको-ऋणको यांच्यातील करार सामाजिक रूढीनुसार सामान्यतः गृहीत धरावा, असे कायदा सांगतो. लेखी कागद नसला तरी चालेल. शब्द पुरेसा आहे. कामगार स्वतःला ज्या नावाने ओळखतो, ते नावच पुराव्याच्या बाजूने उभे राहते. १९३३ च्या कायद्याला जे जमले नव्हते, ते १९७६ च्या कायद्याने भाषेच्या आधारे साधण्याचा प्रयत्न केला.

तरी प्रश्न विचारणाऱ्याला तो शब्द ऐकू आला पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दोन मोजण्या झाल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीने सोळा राज्यांत सुमारे ३.४३ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांच्या पाहणीने केवळ दहा राज्यांत २६.१७ लाखांचा अंदाज दिला. एकाच काळातील, एकाच देशातील या आकड्यांमध्ये सातपटीहून अधिक अंतर आहे. व्याख्या आणि पद्धती यांत फरक होता हे खरे; पण पद्धतीचा फरक म्हणजे अखेरीस कोणाला, कोठे, कोणत्या शब्दांत विचारले याचाच फरक. जे लाखो लोक दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात राहिले, त्यांची सुटका या फरकावर अवलंबून होती.

पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सोडवला. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी आर्थिक निकडीलाही सक्तीच मानले आणि किमान वेतनापेक्षा कमी वेतनावर करून घेतलेले काम तेविसाव्या अनुच्छेदाचा भंग ठरवले. फरिदाबादच्या दगडखाणींविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने आणलेल्या प्रकरणात राज्य सरकारचा युक्तिवाद असा होता की, श्रम सक्तीचे असतील, पण कर्ज सिद्ध झाल्याखेरीज त्या मजुरांना वेठबिगार म्हणता येणार नाही. न्यायालयाने तो फेटाळला. सक्ती दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे. ती नाही हे मालकाने वा सरकारने सिद्ध करावे. अशिक्षित, कागदहीन मजुराने स्वतःचे कर्ज सिद्ध करावे, ही अपेक्षा येथे संपली.

निरीक्षकांच्या प्रशिक्षणाचा आशय यानंतर बदलला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बालश्रमविरोधी कार्यक्रम १९९२ मध्ये भारतात सुरू झाला. नोएडाच्या श्रम संस्थेने, जिला १९९५ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांचे नाव मिळाले, बालश्रमाविषयीचे प्रशिक्षण हाती घेतले. अशा प्रशिक्षणाचे सूत्र साधे आहे : मालक वा मुकादम ऐकत असताना विचारू नये, 'तू वेठबिगार आहेस का' असे विचारू नये, गाव कोणते, कोणी आणले, येताना किती पैसे मिळाले, हिशेब कोण ठेवतो, सणाला घरी जाता येते का, असे विचारावे. श्रम संघटनेने २०१२ मध्ये सक्तीच्या श्रमाची जी अकरा लक्षणे मांडली, त्यांत वेतन अडवणे, कागदपत्रे काढून घेणे, हालचालीवर बंधन आणि कर्जबंधन ही आहेत. मुलाच्या वयाबाबतही क्रम उलटला. २०१५ च्या बालन्याय कायद्यात शाळेचा वा जन्माचा दाखला आधी येतो. हाडांची चाचणी हा शेवटचा उपाय ठरतो.

मात्र निरीक्षकाच्या वाचनाला एक मर्यादा कायम आहे. १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी जिल्हा दंडाधिकारी आणि दक्षता समित्यांकडे आहे. निरीक्षकाने लक्षणे ओळखली, तरी मुक्तीचा दाखला दुसऱ्याच्या सहीने मिळतो, आणि त्या सहीवाचून पुनर्वसनाची रक्कम मिळत नाही. १८८१ मध्ये दंडाधिकारी हाच निरीक्षक होता; शतकानंतर ही दोन माणसे झाली, आणि मजुराचे बोलणे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा कागद होते.

शब्दांची यादीही अपुरी पडते. महाराष्ट्रातील ऊसतोडीत मुकादम हंगामापूर्वी 'उचल' देतो आणि ती 'कोयत्या'ला देतो. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, तोडणीला निघालेले जोडपे. हिशेबाचे एकक जोडपे असल्यामुळे मोळ्या बांधणाऱ्या वा धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीचे नाव कोणत्याही वहीत येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामाला सर्वत्र बंदी केली, पण शाळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याला सूट ठेवली. कुटुंबच कामाचे एकक असलेल्या फडावर ती सूट कोठे संपते, हे निरीक्षकालाच ठरवावे लागते. १९७६ च्या यादीत 'उचल' नाही, 'कोयता'ही नाही. फडावर गेलेल्या निरीक्षकाने हे दोन शब्द ऐकले आणि त्यांचा अर्थ विचारला, तरच ती मुलगी नोंदीत येते.