शाळेतल्या पर्यावरण प्रकल्पासाठी १०,००० रुपये: ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ योजना नेमकी काय आहे?

शाळेसमोरच्या रस्त्यावर हॉर्न वाजतात आणि शेवटच्या बाकावर सर काय बोलतायत ते ऐकूच येत नाही. तक्रार सगळेच करतात. पण हा आवाज मोजायचा आणि त्यावर काहीतरी बनवायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो पैशांचा. त्यासाठी केंद्र सरकारची एक योजना आहे. ती कशी चालते ते बघूया.

योजना काय आहे?

‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना आहे. गुजरातमधल्या गांधीनगरजवळची ‘नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन’ ही संस्था ती विभागासोबत राबवते. दरवर्षी देशभरातल्या शाळांमधून १० लाख कल्पना मागवायच्या आणि त्यातल्या १ लाख निवडायच्या, असं तिचं उद्दिष्ट आहे. निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बँक खात्यात थेट १०,००० रुपये जमा होतात.

नावात ‘अवॉर्ड’ असलं तरी हे पैसे बक्षीस म्हणून उडवायचे नाहीत. कल्पनेचं मॉडेल बनवायला आणि ते जिल्हा प्रदर्शनात मांडायला ते दिलेले असतात.

पुढचे टप्पे असे:

- जिल्हा प्रदर्शन: निवड झालेले सगळे विद्यार्थी
- राज्य प्रदर्शन: देशभरातून सुमारे १०,०००
- राष्ट्रीय प्रदर्शन: सुमारे १,०००
- अंतिम पुरस्कार: ६०

अर्ज कोण करतं?

इथे बरेच जण अडकतात. विद्यार्थ्याला स्वतःला अर्ज करता येत नाही, नामांकन शाळाच करते. शाळेची पोर्टलवर नोंदणी हवी, त्यासाठी शाळेचा यूडायस क्रमांक लागतो. एका शाळेला जास्तीत जास्त ५ कल्पना पाठवता येतात. योजना सहावी ते दहावीसाठी होती, पुढे अकरावी-बारावीही त्यात आली. यंदाची मुदत आणि वर्गाची अट पोर्टलवरच तपासा.

म्हणून पहिलं काम म्हणजे विज्ञानाच्या सर किंवा मॅडमना विचारायचं, “आपल्या शाळेची नोंदणी आहे का?” नसेल तर तुमची कल्पना कितीही भारी असली तरी ती वहीतच राहील.

नामांकनाला फी नाही. कोणी ‘निवड पक्की करतो’ म्हणून पैसे किंवा ओटीपी मागितला, तर ती सरळ फसवणूक समजा.

संशोधन की उपकरण? आधी हे ठरवा

‘मानक’ला नवीन कल्पना हवी असते, म्हणजे एखादी अडचण सोडवणारी वस्तू किंवा पद्धत. नुसता अभ्यास असेल तर त्यासाठी दुसरी वाट आहे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून देशपातळीवर भरते. तिथे १० ते १७ वयाची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नावर अभ्यास करून तो मांडतात.

आपल्या हॉर्नच्या उदाहरणात फरक असा दिसेल:

- अभ्यास: कोणत्या वेळी आवाज सर्वात जास्त असतो? खिडक्या बंद केल्यावर तो किती कमी होतो?
- उपकरण: गेटवर लावायचा फलक. आवाज मर्यादेपलीकडे गेला की त्यावरचा दिवा पेटतो आणि चालकाला ते दिसतं.

खरं तर दोन्ही जोडलेलेच आहेत. आधी मोजमाप केलं नसेल तर फलक कुठे लावायचा हेच कळणार नाही.

फोनवर मोजताना काय चुकतं?

सुरुवातीचं मोजमाप फोनवर, फुकटात होतं. फक्त या गोष्टी लक्षात ठेवा:

- आवाज: दोन फोन एकाच जागी वेगळे आकडे दाखवतात. त्यामुळे सगळी मोजणी एकाच फोनवर आणि एकाच ॲपवर करा. ‘आधी किती, नंतर किती’ हा फरक बघा. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आणि रात्रीची ४० आहे.
- सरासरी: डेसिबलची साधी सरासरी काढायची नसते. अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ८० डेसिबल असेल, तर सरासरी ७० नाही, साधारण ७७ येते. कारण १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते.
- हवा: ‘समीर’ ॲपवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे मिळतात, पण ते मोजणी केंद्राजवळच्या हवेचे असतात, तुमच्या वर्गातले नाहीत. स्वस्त धूळ-सेन्सर दमट हवेत आकडा वाढवून दाखवतात, पावसाळ्यात हे विसरू नका.
- पाणी: टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू नाही. आकडा कमी आला म्हणजे पाणी पिण्यालायक, असं होत नाही.

पैसे हातात येण्याआधी आणि आल्यावर

१. विद्यार्थ्याच्या नावाचं बँक खातं चालू आहे ना, हे नामांकनाआधीच बघा. बंद पडलेल्या खात्यात पैसे जमा होत नाहीत.
२. नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांक अर्जात बिनचूक टाका.
३. सेन्सर, बोर्ड, वायरी, खोका, प्रवास अशी खर्चाची यादी आधीच करा. प्रत्येक बिलाचा फोटो काढून ठेवा.
४. रोजच्या मोजणीची वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, आकडा. परीक्षक “हे तू कसं शोधलंस?” विचारतील तेव्हा हीच वही उत्तर देते.

बाजारातून तयार मॉडेल आणून मांडणारे दरवर्षी असतात. पण मॉडेल का बनवलं, पहिल्यांदा कुठे फसलं, हे त्यांना सांगता येत नाही. ज्याने स्वतः पंधरा दिवस गेटवर उभं राहून आकडे लिहिलेत, त्याला ते सांगता येतं.

निवड नाही झाली तरी ते आकडे वाया जात नाहीत. शाळेतर्फे नगरपालिकेला ‘हॉर्न बंदी’चा फलक मागायचा असेल, तर अर्जासोबत जोडायला तेच कामी येतात.