निमगावकर, विश्वजित

निमगावकर, विश्वजित : मनोविकारांच्या आनुवंशिकीचे संशोधक. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात मनोविकारशास्त्र व मानवी आनुवंशिकी या विषयांचे प्राध्यापक. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. हा आजार काही घराण्यांत पुन्हापुन्हा का दिसतो आणि त्यात जनुकांचा वाटा किती, याचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला.

प्रारंभीचे संशोधन : प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांपासून त्यांनी सुरुवात केली. या समूहातील डीक्यूबी१ जनुकाचा एक प्रकार आफ्रिकी-अमेरिकन रुग्णांत तुलनेने कमी आढळतो, असे त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले. उत्तर अमेरिकेतील हटराइट या आपापसांतच विवाह करणाऱ्या धार्मिक समाजात तीव्र मनोविकारांचे प्रमाण कमी असल्याचे त्यांच्या गटाने २००० मध्ये नोंदवले.

भारतातील कार्य : दिल्लीच्या डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ स्मिता देशपांडे आणि दिल्ली विद्यापीठातील आनुवंशिकीतज्ज्ञ बी. के. थेल्मा यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कुटुंबांचा अभ्यास केला. निदान अचूक नसेल तर रक्ताचा नमुना निरुपयोगी ठरतो. म्हणून आनुवंशिक अभ्यासासाठीची निदान-मुलाखत प्रथम हिंदीत आणून तिची विश्वासार्हता तपासली गेली (१९९८). पुढे रुग्ण व त्याचे आईवडील यांचे नमुने घेऊन, आईवडिलांकडील जनुकाचा कोणता प्रकार रुग्णाकडे अधिक वेळा आला, हे पाहण्यात आले. वेगवेगळ्या समाजांतील जनुकीय फरकांमुळे निघणारे चुकीचे निष्कर्ष या पद्धतीने टळतात. मोनोअमाइन रसायनांशी संबंधित जनुकांवरील असा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आरजीएस-४ : या जनुकाचे कार्य रुग्णांच्या मेंदूत मंदावलेले असल्याचे पिट्सबर्ग येथे २००१ मध्ये आढळले. त्याचा आजाराशी आनुवंशिक संबंध असल्याचा पुरावा निमगावकर यांच्या गटाने २००२ मध्ये मांडला. त्यात अमेरिकन कुटुंबांबरोबर भारतीय कुटुंबेही होती. मात्र १३ स्वतंत्र नमुन्यांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणात हा संबंध क्षीण ठरला, आणि त्या विश्लेषणातही निमगावकर सहभागी होते. एकेका संशयित जनुकामागे जाण्याची पद्धत पुढे मागे पडली. २०२२ मधील जागतिक अभ्यासात ७६,७५५ रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातील २८७ स्थाने पुढे आली. त्यातल्या प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे.

नातेविवाह व विषाणू : जवळच्या नात्यातील विवाहांतून जन्मलेल्यांत द्विध्रुवी विकार व छिन्नमनस्कता यांचा धोका वाढलेला दिसतो, असे त्यांच्या सहभागाने झालेल्या ईजिप्तमधील अभ्यासांत आढळले (२००९, २०१०). मामेबहिणीशी विवाहाची रीत असलेल्या महाराष्ट्रातील समाजांनाही हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. नागीण-वर्गातील एचएसव्ही-१ विषाणूच्या संसर्गाचा रुग्णांच्या मेंदूरचनेशी संबंध त्यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवला. विषाणुरोधक औषधाने स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत सुधारणा झाल्याचे २०१३ च्या छोट्या चाचणीत दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तो लाभ दिसला नाही.

महत्त्व : पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, दुबळा, धोडी या समाजांना सिकलसेलमुळे रक्तातून उतरणाऱ्या आजाराची ओळख झालेली आहे. सिकलसेलचे मूळ एकाच जनुकात असते व साध्या रक्ततपासणीने ते कळते. छिन्नमनस्कतेसाठी अशी तपासणी नाही. जागतिक अभ्यासांतील बहुतेक नमुने युरोपीय व पूर्व आशियाई वंशांचे असल्याने त्यांवर आधारलेले धोक्याचे अंदाज या समाजांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतीय कुटुंबांत, त्यांच्या परिचयाच्या भाषेत काम करण्याचा निमगावकर, देशपांडे व थेल्मा यांचा मार्ग म्हणूनच मोलाचा आहे. वारली बोलीपर्यंत तो पोचायला हवा.

आईला किंवा वडिलांना छिन्नमनस्कता असली, तरी दहांपैकी सुमारे नऊ मुलांना ती होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण जेमतेम निम्मे असते. त्यामुळे घराण्याला दोष देणे किंवा केवळ त्या कारणाने सोयरीक मोडणे शास्त्राला धरून नाही. लक्षणे दिसताच उपचार सुरू करणे हेच हिताचे. त्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.