सवय की अभ्यास? दोन दशावतारांच्या निमित्ताने

मालवणात 'दशावतार' या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नाही. जत्रा, देवळासमोर रात्रभर चाललेलं नाटक, पहाटेचा दहिकाला, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आज मात्र आपण त्याच नावाच्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दलही बोलणार आहोत. 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा मेटल बँड. साहिल मखीजा यांनी तो २००० साली सुरू केला. २०१७ मध्ये या बँडने 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. त्यात इंग्रजी शब्दांची दहा गाणी आहेत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एक.

हा अल्बम पहिल्यांदा लावला की गोंगाट वाटतो, हे आधीच कबूल करू. त्याला कारण आहे. मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम विकृत, म्हणजे भरड केलेला असतो. तो कानाची सगळी जागा व्यापतो. त्याखाली ढोलाचे जलद ठोके आणि वर घशातून काढलेली गुरगुर. कानाला धरायला काही सापडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पायाने वाजवलेला ढोल वेगळा ऐकू येतो. मग गुरगुर कुठे थांबते आणि साधं गाणं कुठे सुरू होतं ते कळतं. मग मधूनच येणारे भारतीय वाद्यांचे सूर. पाचव्या-सहाव्या खेपेला आपण पुढच्या वळणाची वाट पाहू लागतो. गाणं तर तेच आहे. मग बदललं काय?

याचं एक उत्तर मानसशास्त्र देतं. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की अनोळखी शब्द, चिन्हं, चेहरे नुसते वारंवार समोर आले तरी माणसाला ते आवडू लागतात. म्हणजे आवड ही निव्वळ सवय. हे उत्तर पुरेसं मानलं तर ते आपल्या अंगावर येतं. कारण शहरातला पाहुणा नेमकं हेच म्हणतो: 'तुम्ही लहानपणापासून बघताय, म्हणून तुम्हाला दशावतार आवडतो. त्यात आहे काय? पखवाज, झांज आणि आरडाओरडा!'

याला उत्तर देण्यासाठी थोडा इतिहास पाहू. राजापूरजवळच्या आडिवऱ्यात श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये दशावतार सुरू केला, असं परंपरा सांगते. पण त्याआधीच्या दासबोधात दशावतारी खेळ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे खेळ त्याहून जुना. नाव दशावतार असलं तरी दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती आणि वेद पळवणारा, मालवणीत बोलून लोकांना हसवणारा काळा संकासुर. मग आख्यान. त्याला लिखित संहिता नाही. कथा सगळ्यांना पाठ, संवाद मात्र त्या रात्री उभे राहतात.

आता गंमत पाहा. तेच आख्यान मोचेमाडकरांनी केलं आणि पार्सेकरांनी केलं, तर आपला प्रेक्षक दोन्हींना सारखीच दाद देतो का? मुळीच नाही. सकाळी चहाच्या टपरीवर वाद रंगतो. कोणाचा संवाद कसदार, कोणाची युद्धातली पावलं पखवाजाला सुटली, सगळं निघतं. नुसत्या सवयीने सगळंच गोड लागलं असतं. इथे उलट झालं आहे. वारंवार पाहिल्याने डावं-उजवं दिसू लागलं.

हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तांनी सहृदयाची व्याख्या केली, तिच्या मुळाशी हेच आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. डेव्हिड ह्यूमनेही १७५७ मधल्या रुचीवरच्या निबंधात म्हटलं की पहिल्या वाचनात मन घाईत, गडबडीत असतं. कृती पुन्हा पुन्हा पाहावी. दोघांची भेट होणं शक्य नव्हतं, तरी मुद्दा तोच.

तेव्हा आमची कसोटी अशी. सवय फरक पुसते, अभ्यास फरक दाखवतो. या अल्बमची दहाही गाणी पुनःपुन्हा ऐकून सारखीच प्रिय झाली, तर ती सवय समजावी. काही वाढली, काही होती तिथेच राहिली, आणि ती का राहिली हे सांगता आलं, तर तो अभ्यास. आमच्या बाबतीत दुसरं घडलं.

हा प्रश्न केवळ मेटलचा नाही. हल्ली मोबाईलवर अर्ध्या मिनिटात गाणं पुढे ढकललं जातं. त्या अर्ध्या मिनिटात ना मेटल टिकणार, ना रात्रभराचा दशावतार. दोघांनाही थांबणारा श्रोता हवा. म्हणून ज्येष्ठांना विनंती, नातवंडांचा अल्बम चार वेळा ऐका आणि मग नावं ठेवा. आणि तरुणांना, यंदाच्या जत्रेत आडदशावतारावरच उठू नका, दहिकाल्यापर्यंत बसा. त्यानंतरही आवडलं नाही, तर ते मत ऐकायला आम्हाला आवडेल. आता प्रश्न घेऊ या.