पहिले धनुष्य कोणते घ्यावे?

समजा, मुरुमच्या शाळेतल्या नववीच्या मुलाने विचारले, "सर, मला धनुष्यबाण घ्यायचा आहे, शिकारीसाठी. कुठला घेऊ?" या प्रश्नाचा शेवटचा भाग कायद्याने निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याची वाटही बंद केली. धाराशिव-सोलापूरच्या माळावरचा काळवीट तर संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण "कुठला घेऊ?" हा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याची उत्तरे आमच्या भौतिकशास्त्राच्या तासाला अजून उपयोगी पडतात.

मुरुमच्या आसपास शिकारी म्हटले की पारधी आठवतात. त्यांतल्या फासेपारध्यांचे कसब नावाप्रमाणेच फाशाचे. जनावराची वाट ओळखून फास मांडायचा आणि दम धरायचा. धनुष्याचे घर येथून दूर, सातपुड्यात. तरी त्याचा एक धागा मुरुमपर्यंत येतो. गावापासून कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे कानडी येथे सर्रास कानावर पडते. कानडीत धनुष्याला 'बिल्लू' म्हणतात, तमिळमध्ये 'विल्'. 'भिल्ल' हे नाव याच द्राविडी शब्दावरून पडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

पहिले धनुष्य घेणाऱ्याची चूक बहुधा एकच असते. तो ओढून पाहतो आणि सर्वांत ताठ असलेले उचलतो. जुन्या लोकांनी ही चूक ओळखली होती. इ.स. १३६३ च्या सुमारास संकलित झालेल्या 'शार्ङ्गधरपद्धति'त धनुर्वेदावर एक भाग आहे. त्या परंपरेतला सल्ला असा: सरावाचे धनुष्य आधी, युद्धाचे नंतर, आणि धनुष्याचा जोर आपल्या बाहुबळापेक्षा थोडा कमीच असावा. याचे कारणही दिले आहे. धनुष्याने जेरीस आणलेल्या धनुर्धराला लक्ष्य दिसत नाही. आम्हांला हे वाक्य नेमबाजीच्या कोणत्याही आधुनिक पुस्तकात शोभेल असे वाटते. थरथरणाऱ्या हाताने नेम कसा धरणार?

हीच गोष्ट इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याला ठाऊक होती. त्याचा मुलगा ह्यू लॅटिमर पुढे बिशप झाला. १५४९ मध्ये राजासमोर दिलेल्या प्रवचनात त्याने सांगितले, की वडील त्याला वयाच्या आणि ताकदीच्या मानाने धनुष्य विकत घेऊन देत आणि तो वाढेल तसे धनुष्यही मोठे होत जाई. नुसत्या हाताने न ओढता अंगाचा भार धनुष्यावर कसा घालावा, हेही वडिलांनीच शिकवले. म्हणजे वाढत्या मुलाला दरवर्षी नवा सदरा घ्यावा, तसे धनुष्य.

या मार्गाने किती दूर जाता येते, याचा पुरावा समुद्रातून वर आला. 'मेरी रोज' ही इंग्रज युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये बाहेर काढली गेली. तिच्यावरची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. ती ओढायला सुमारे ४५ पासून ८० किलोग्रॅमपर्यंत जोर लागत असावा, असा अंदाज आहे. बुडालेल्यांच्या सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचे टोक मुख्य हाडाला न जुळलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले. हाडे पुरती जुळण्याआधीच्या वयापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असे संशोधक म्हणतात. इतका जोर कोणी एका दिवसात दुकानातून आणलेला नाही.

आता थोडे गणित करू. मनगट न हलवता १०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १० किलोग्रॅम ओढणारे धनुष्य घ्या. दोरी अर्धा मीटर मागे नेली आणि जोर शून्यापासून सरळ वाढत गेला असे धरले, तर साठलेली ऊर्जा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी, म्हणजे २५ ज्यूल. तिचा दोन तृतीयांश भाग बाणाला मिळतो असे समजू, कारण उरलेला धनुष्याचे स्वतःचे बाहू आणि दोरी हलवण्यात जातो. बाण २० ग्रॅमचा असेल तर वेग निघतो सेकंदाला सुमारे ४१ मीटर. आता दुप्पट जोराचे धनुष्य घ्या. वेग दुप्पट होत नाही, तो सुमारे ५८ होतो. दुप्पट कष्टाचे मोल एवढेच: वर्गमुळाने सगळा उत्साह गिळला! शिवाय जड धनुष्याला जड आणि ताठ बाण लागतो, म्हणून हा लाभही आणखी घटतो. फार हलका बाण लावला, किंवा दोरी नुसतीच ओढून सोडली, तर बाणाकडे न गेलेली ऊर्जा धनुष्यातच घुमते आणि ते तडकते. कुणाच्याही हातात धनुष्य देताना हा पहिला नियम सांगावा.

सातपुड्यातल्या भिल्लांचे धनुष्य पाहिले म्हणजे साधनसामग्रीचा विचार किती बारकाईने झाला आहे ते कळते. धनुष्य बांबूचे, आणि दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. बांबूच्या सालीकडे तंतू दाट असतात, आत विरळ. चांगल्या दोरीने ताणताना लांबायला नको, नाहीतर ऊर्जा तिच्यातच अडकते. बांबूची पट्टी फारशी लांबत नाही. ही युक्ती नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी यादी आहे, आणि दोरीच्या यादीत रुई, ताग, स्नायू यांच्या बरोबर वेणू म्हणजे बांबूही आहे. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेली मध्य आशियाई पद्धतीची धनुष्ये मोगलांच्या काळात मानाची असली, तरी दमट हवेत सरस मऊ पडतो. आपल्या पावसाळ्यात बांबूच बरा.

आणखी एक फरक दोरी धरण्याचा. मोगल धनुर्धर अंगठ्याने दोरी ओढत, म्हणून त्यांच्या संगयशबाच्या अंगठ्या संग्रहालयांतून दिसतात. एकलव्याची कथा ऐकताना हे ध्यानात घ्यावे. अंगठ्याने ओढणाऱ्याचा अंगठा गेला की त्याची विद्या गेली. भिल्ल मात्र तर्जनी आणि मधले बोट वापरतात, अंगठा लावत नाहीत, आणि त्याचे कारण एकलव्य असे सांगतात. युरोपातही बोटांनीच दोरी ओढत, तेव्हा या पद्धतीला कथेचा आधार लागतोच असे नाही. पण एखादा समाज आपली आठवण हाताच्या सवयीत जपतो, हे आम्हांला पुरेसे मोलाचे वाटते. नवशिक्यासाठी व्यवहारातला परिणाम असा, की उजव्या हाताने बोटांनी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला बसतो, अंगठ्याने ओढणाऱ्याचा उजव्या.

बाणाविषयी लोक धनुष्याच्या मानाने कमीच विचारतात. खरे म्हणजे तेथेच गंमत आहे. बाण धनुष्याच्या एका बाजूला टेकलेला असतो, तर सरळ सुटला की बाजूला जायला हवा. तो नेमावर कसा जातो? १९३० नंतरच्या दशकात अतिवेगाने टिपलेल्या चित्रफितींत दिसले की सुटताना बाण वाकतो, सापासारखी वळणे घेत धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. म्हणून बाणाचा ताठपणा धनुष्याशी जुळला पाहिजे. फार लवचीक बाण एका बाजूला जातो, फार ताठ दुसऱ्या. चांगले धनुष्य आणि कुठलेही बाण, ही खरेदी फसण्याची हमखास रीत.

आज या मुलाला शिकायचे असेल तर वाट आहे. राष्ट्रीय स्पर्धांत लाकडी-बांबूच्या साध्या धनुष्यांसाठी 'इंडियन राउंड' नावाचा गट आहे. उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा मुलगा बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपत असे. १९८७ मध्ये चाचणीतून त्याची निवड झाली आणि पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकला गेला. २०२३ मध्ये साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी बर्लिनमध्ये जागतिक विजेतेपदे मिळवली.

खरेदीआधी शाळेत एक प्रयोग करता येतो. मुलांनी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरावेत आणि बोटांच्या टोकांमधले अंतर मोजावे. त्याला अडीचने भागले की बाण सुमारे किती लांब ओढला जाईल ते कळते; बाण त्याहून थोडा लांबच घ्यावा. मग बांबूच्या धनुष्याची दोरी प्रयोगशाळेतल्या तराजूकाट्याच्या आकड्याला अडकवून दर पाच सेंटिमीटरला जोर नोंदवावा, आलेख काढावा, त्याखालचे चौकोन मोजावेत. दोरी हळूहळूच मागे न्यावी, हळूच पुढे आणावी. नुसती सोडू नये. आणि मुलाला त्या जोरावर दोरी धरून दहा सेकंद उभे राहायला सांगावे. त्याचा हात थरथरला, तर यंदा याहून हलके धनुष्य.